कडव्यापुढचे टिंब

एकदा एक शिष्या संशोधन सोडण्याचा निश्चय करून आपल्या निवृत्त गुरूंचा निरोप घ्यायला आली. कर्करोगाच्या पेशीतील एका जनुकाने तिला तीन वर्षे छळले होते. ‘आता विभाजन पुरे’ असे पेशीला सांगणे हे त्याचे काम. त्याचे एकही अक्षर बिघडलेले नव्हते. तरी ते मुके होते, आणि पेशी कितीदाही दुभंगली तरी प्रत्येक पिढीत मुकेच राही.

“त्याला गप्प करणाऱ्या, मिथाइल नावाच्या रासायनिक गटाच्या खुणा दिसतात, बाई. पण त्या टिकवणारा शत्रू सापडत नाही. खुणांची नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. पण ते निरोगी पेशीतही असतं. त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?”

बाई उठल्या. कपाटातून एक जीर्ण वही काढून त्या म्हणाल्या, “आमच्या वसतिगृहातलं भोंडल्याचं गाणं. एवढं उतरवून दे.”

“आत्ता?”

“मग कधी? तू तर निघालीस.”

शिष्येने निमूटपणे सातही कडवी उतरवली. बाईंनी चष्मा लावून कागद तपासला.

“शेवटच्या कडव्यापुढे हे लाल टिंब कशाला?”

“मूळ वहीत आहे म्हणून.”

“त्यासाठी पेनसुद्धा बदललंस. मी सांगितलं होतं?”

शिष्येने हातातल्या लाल पेनाकडे पाहिले.

“मूळ टिंब माझं. फेर थांबवा, घरी चला, असं ते कडवं. त्या वर्षी आमच्या वेणूचे वडील गेले. ‘घरी’ म्हटलं की तिचे डोळे भरायचे. म्हणून टिंब दिलं, की हे म्हणायचं नाही. पुढल्या वर्षी वेणू स्वतःच ते गुणगुणू लागली. पण वही दरवर्षी नवी होते, आणि उतरवणारी मुलगी जुनीत पाहून टिंबही देते. परवा तिथल्या भोंडल्याला मला बोलावलं होतं. मुली दमून बसेपर्यंत फिरत होत्या. थांबायचं कधी, हे कुणालाच ठाऊक नाही.”

लाल टिंबावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “पेशी दुभंगताना डीएनएचा जुना धागा खुणांसह येतो, नवा कोरा असतो. तुझं ते सज्जन विकर जुन्यावर पाहून नव्यावर खुणा देतं. का, हे ते विचारत नाही. त्याला अडवून बघ. अक्षरं तशीच उतरवली जातील, खुणा पिढीगणिक विरळ होतील, आणि कडवं कदाचित ऐकू येईल. कदाचित म्हणते आहे; वही म्हणजे पुरावा नव्हे.”

शिष्येने दुसरा कागद घेतला. शेवटच्या कडव्याशी तिचा हात लाल पेनाकडे गेला आणि थांबला.

बाई ते कडवे हलक्या आवाजात म्हणू लागल्या. ‘घरी’ या शब्दाशी त्यांचा स्वर जरासा अडखळला, आणि पुढे गेला. निरोप घ्यायला आलेली शिष्या तो कागद घेऊन प्रयोगशाळेकडे परतली.