एकपाठी

एका गावात एक वैद्यराज होते आणि त्यांच्यापाशी एक एकपाठी शिष्य होता. एकपाठी म्हणजे एकदा कानावर पडलं की पाठ. तिथे मुलाची बुद्धी मोजायची रीतच ती होती: दोनदा ऐकावं लागलं तर द्विपाठी, तीनदा लागलं तर त्रिपाठी. पंचक्रोशीत त्याच्यासारखा एकपाठी दुसरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच पाठ होतं. खोटं कशाला बोला, पोरगा होताच तल्लख.

एकदा भर दुपारी एक व्यापारी आपल्या सुनेला बैलगाडीतून घेऊन आला. पोर पांढरीफटक पडली होती. व्यापाऱ्याने घाईघाईने सांगितलं की आठ दिवस अन्न पोटात ठरत नाही, सारख्या ओकाऱ्या होतात, आज तर घेरी येऊन पडली. त्याचं बोलणं संपायच्या आत शिष्याने पित्ताचं निदान केलं आणि जालीम जुलाबाचं औषध खलायला घेतलंसुद्धा.

वैद्यराजांनी मात्र व्यापाऱ्याला तेच सारं पुन्हा सांगायला लावलं. मग सुनेला विचारलं. सासऱ्यासमोर ती बिचारी काय बोलणार? मान खाली घालून तिने त्याचेच शब्द परत म्हटले. वैद्यराज म्हणाले, आणखी एकदा. आता मात्र व्यापाऱ्याचा पारा चढला. वैद्यबुवांना ऐकू कमी येतं का, असं त्याने तोंडावर विचारलं. शिष्य शरमेने अर्धा झाला. गुरुजी थकले, असं त्याच्या मनात आलं, आणि इकडे पोरीचे डोळे मिटू लागले होते. शेवटी न राहवून त्याने औषधाची वाटी उचलली आणि तिच्या ओठांशी नेली. वैद्यराजांनी झटकन वाटीवर तळहात ठेवला.

"गुरुजी, उशीर होतोय. ही हातची जाईल."

वैद्यराजांनी हात काढला नाही. बैलांना पाणी दाखवून या, असं सांगून त्यांनी व्यापाऱ्याला बाहेर पाठवलं आणि मग सुनेला म्हणाले, "बाळ, तुला काय होतंय, ते तू सांग."

पोरीला रडू फुटलं. "दोन महिने झाले, बाजूला बसले नाही. मागच्या खेपेला सगळ्यांना सांगितलं आणि आठवड्यात सारं गेलं. म्हणून या वेळी घरात कुणाला बोललेच नाही."

शिष्याने वाटी झटकन मागे घेतली. त्या औषधाने पोटातला जीव गेलाच असता, कदाचित तीही. गर्भारशीला ते देऊ नये, हा ग्रंथातला नियम त्याला अक्षर न् अक्षर पाठ होता.

वैद्यराजांनी तिला साळीच्या लाह्यांचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. हळूहळू तिला हुशारी आली. मग ते शिष्याकडे वळले.

"मला माझे गुरू सातपाठी म्हणायचे. सातदा ऐकल्याशिवाय टाळक्यात काही शिरायचंच नाही, म्हणून ऐकत बसायची सवय लागली. श्लोक पहिल्यांदा ऐका की सातव्यांदा, तोच असतो. माणसाचं तसं नाही रे. तुझ्या बुद्धीत काही उणं नाही, पण तुझी परीक्षा आजवर श्लोकांवरच झाली."

शिष्याच्या हातात वाटी तशीच होती. पोरीचं तिच्याकडे लक्ष गेलं. "दादा, ते मी घ्यायचं का?"

उत्तर द्यायला त्याला आजवर कधी वेळ लागला नव्हता. या वेळी त्याने आधी तिच्याकडे नीट पाहिलं.

"नाही, ताई. ते चुकीचं होतं. मी तुम्हाला काही विचारलंच नव्हतं," तो म्हणाला, आणि वाटी बाजूला ठेवून तिच्यासमोर खाली बसला.