जेवताना काढलेली मुद्रिका

फार पूर्वी समुद्रकाठच्या शंखपुरात सुवर्णबाहू राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापारी घरात जन्मले आणि पुढे मणिदत्त श्रेष्ठी म्हणून नावारूपाला आले. त्यांचे बैलांचे तांडे घाट चढून देशावर जात. तांड्याने कुठे थांबावे, कुठल्या वाटेने जावे, हे पेढीवरून लिहून कळवले जाई. लिहिलेले ताडपत्र वेळूच्या नळीत घालायचे, तोंडाशी ओल्या मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर लेखकाने आपल्या बोटातल्या मुद्रिकेचा ठसा उठवायचा. ठसा असेल तर हुकूम खरा. तांड्याचा नायक तो गोळा फोडत नसे. अलगद सोडवून पोच म्हणून पेढीवर परत धाडी.

मुद्रिका ज्याच्या बोटात त्याच्याच बोटात राहायची, असा पेढीचा कडक नियम होता. बोटातून काढली की नोकरी गेली.

आता गोभद्र लेखकाचे ऐका. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण जेवणाचा भारी भोक्ता. दहीभात कालवताना शिते मुद्रिकेच्या खाचांत जाऊन बसत आणि मग ठशातली अक्षरे धड उठत नसत. त्यावर त्याने आपल्यापुरता उपाय काढला. पानावर बसताना मुद्रिका कोनाड्यात ठेवायची, हात धुतले की पुन्हा चढवायची. घटकाभर काढल्याने नियम मोडतो असे त्याच्या मनातही आले नाही. उलट ठसे स्वच्छ उठतात म्हणून स्वारी खूश.

एके सकाळी घाटाखालून पोच आली. भल्लट नायकाने लिहिले होते, 'हुकमाप्रमाणे परवा पहाटे घाटाची वाट सोडून वेळूच्या रानातून निघतो.' सोबत मातीचा गोळा होता आणि त्यावर ठसा गोभद्राचा होता.

गोभद्राने गोळा उलटा केला, सुलटा केला. ठसा आपलाच. पण हुकूम? असला हुकूम त्याने लिहिलाच नव्हता. की लिहिला होता? परवा डोके दुखत होते, तेव्हा लिहिला असेल का? रानात लुटारू आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग आपण असे का लिहू? पण ठसा तर खोटे बोलत नाही. मग खोटे कोण बोलतो आहे, मी? बिचाऱ्याला काही उमजेना. त्याने कोनाड्याकडे पाहिले आणि त्याला परवा जेवणवेळी आलेला एक गोडबोल्या पाहुणा आठवला. विडा घेऊन आला होता. "तुम्ही सावकाश जेवा हो, मी पेढीवर लक्ष ठेवतो," म्हणाला होता.

मुद्रिका तेव्हा कोनाड्यातच होती. तांड्यात हमालांची बायकापोरे होती. सांगावे तर नोकरी जाते, गप्प बसावे तर माणसे जातात. एक दुसरा हुकूम लिहावा, 'रानातून जाऊ नका', ठसा मारावा आणि गुपचूप धाडावा, असेही मनात आले. पण भल्लटाच्या हातात मग एकाच ठशाचे दोन हुकूम पडणार. तो खरा कुठला मानणार? विचार करकरून डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी तो उठला आणि श्रेष्ठींपुढे जाऊन त्याने सगळे सांगून टाकले.

श्रेष्ठींचा धाकटा भाऊ यशोदत्त तिथेच बसला होता. तो म्हणाला, "दादा, ह्याला आधी हाकला. आणि ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. बंदरात गलबते लागली आहेत."

श्रेष्ठी म्हणाले, "आज तांड्याला फसवलं, उद्या आपल्या ठशावर कुणाचंही कोठार रिकामं करतील. दवंडी पिटवा. या मुद्रिकेच्या ठशावर कुणी माल सोडू नये, कुणी हुकूम मानू नये."

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, दादा."

"आपल्या पायावर पडू दे, यशा. लोकांच्या डोक्यावर नको."

दवंडी पिटली गेली आणि गलबतांवरच्या व्यापाऱ्यांनी दुसऱ्या पेढ्यांची वाट धरली. त्या हंगामाचा व्यापार बुडाला. पण ते पुढचे. त्या सकाळी श्रेष्ठी गोभद्राला म्हणाले, "ठशाला आता किंमत नाही. तू स्वतः जा."

"पण धनी, भल्लटानं मला कधी पाहिलेलंच नाही. माझ्यावर तो विश्वास का ठेवील?"

"विश्वास ठेव असं म्हणूच नकोस. घडलं ते सांग, आणि आपला माणूस पाठवून खात्री कर, असं सांग."

गोभद्र निघाला. पायाखाली काय आहे, डोळ्यांपुढे काय आहे, कशाचेच त्याला भान नव्हते. दिवस मावळता मावळता तो धापा टाकत तळावर पोहोचला. भल्लट चुलीशी बसला होता. इतकी वर्षे दोघांनी एकमेकांना हुकूम आणि पोचा धाडल्या, पण तोंडे आज पाहिली.

"गोभद्र? तुम्ही गोभद्र कशावरून?" भल्लटाने विचारले.

"कशावरूनच नाही," गोभद्र म्हणाला. "माझं ऐकू नका, नायक. जेवताना मी मुद्रिका काढून ठेवत होतो, ती कुणीतरी वापरली. चूक माझी. माझ्या ठशावर जाऊ नका, माझ्या बोलण्यावरही जाऊ नका. रानात आधी तुमचा माणूस पाठवा."

भल्लटाने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाला, "लुच्चे मला आजवर पुष्कळ भेटले. माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणणारा एकही नव्हता." त्याने दोघा वाटाड्यांना रानात धाडले. ते परतले तेव्हा त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. वाटेवर झाडे आडवी पाडलेली होती आणि मागे धनुर्धारी दबा धरून होते. तांडा तळावरून हलला नाही.

परत आल्यावर गोभद्राने मुद्रिका श्रेष्ठींपुढे ठेवली आणि तो निरोप घेऊ लागला. श्रेष्ठींनी सगळ्या लेखकांना बोलावून विचारले, "ह्याची मुद्रिका कोनाड्यात कोणी पाहिली होती?"

 मग एक जण म्हणाला, "सगळ्यांनीच, धनी. पण सांगितलं असतं तर त्याचं घर बसलं असतं."

श्रेष्ठी खिन्न झाले. "म्हणजे लपवायला तुम्हाला मीच शिकवलं," ते म्हणाले. "मुद्रिका बोटातच राहील. पण चुकलं असं येऊन सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही. लपवणाऱ्याची जाईल." त्यांनी जुनी मुद्रिका मोडली आणि गोभद्रासाठी नवी घडवायला टाकली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघे जण खाली मान घालून त्यांच्याकडे येऊन गेले.

भांडारगृहाची किल्ली दाराला विसरून आठवडाभर गप्प राहिलेल्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे खुद्द भगवंतांनी, ही कथा सांगितली आणि म्हणाले, "भिक्खूंनो, गोभद्र तेव्हा हाच भिक्खू होता. त्याला काही न बोलता किल्ली काढून ठेवणारा स्थविर, हा वृद्ध भिक्खू, तेव्हा कोनाड्यातली मुद्रिका पाहून गप्प बसलेला लेखक होता. आणि ज्याच्या नियमाच्या धाकाने माणसे गप्प बसली, तो श्रेष्ठी मीच होतो." अशी ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची, कथा.