उद्याच्या नगरातून आलेलं पाणी

करंजगडच्या राजाने एकदा मनावर घेतलं, की शंभर वर्षांनीही लोक नावाजतील असं नवं नगर वसवायचं. देशोदेशीचे जाणकार गोळा झाले. दरबारात जाजमाएवढा नकाशा अंथरला गेला. नगराचं भवितव्य कुणाला तटबंदीत दिसलं, कुणाला व्यापारात, कुणाला ग्रहताऱ्यांत. मुख्य स्थपती त्र्यंबकपंत तर मिशीला पीळ देत म्हणाले, "यात कुणी एक उणीव दाखवावी, मी पगडी उतरवून ठेवीन!"

रेड्यावर कातडी पखाल लादून दरबाराचे रांजण भरणारा मलंग पखाली नकाशा न्याहाळत होता. त्याने भीत भीत विचारलं, "पंत, आमची पखालींची आळी कुठं आहे?"

"टेकडीपलीकडे, चार कोसांवर. राजरस्त्यावर तुमचे रेडे शोभत नाहीत."

मलंग मान डोलावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जाणकारांची भाषणं रंगली, पण रांजण कोरडे ठणठणीत. ऊन चढलं. पंतांचा घसा बसला, राजाच्या ओठांना कोरड पडली. भर दुपारी मलंग पखाल घेऊन आला, तेव्हा त्याच्या रेड्याच्या तोंडाला फेस आला होता.

"कुठे उलथला होतास?" राजा कडाडला. "रोज तर दिवस उगवताच येतोस!"

"रोज जुन्या आळीतून येतो, महाराज. आज पंतांनी दाखवलेल्या जागेवरून उजाडताच निघालो," मलंग म्हणाला. "मी तुमच्या नव्या नगरातून आलोय."

पंतांनी पगडी उतरवली. राजा ओंजळीने पोटभर पाणी प्यायला आणि त्याच ओल्या बोटांनी त्याने नकाशावरची टेकडीपलीकडची आळी पुसून टाकली.