पानाचा डाग

सरदार अंबररावांचा इराणी गालिचा धुवायला सगुणा होती. कोकणात दिलेल्या तिच्या पहिलटकरीण लेकीचे दिवस भरत आले होते. गालिचा घासताना सगुणाचे डोळे सारखे घाटाकडे लागत. तिने रजा मागितली.

"गालिच्यावर एकही डाग नसेल, त्या दिवशी जा," सरदार म्हणाले.

ती रोज लिंबू-मीठ चोळून पानाचा डाग काढी. संध्याकाळी बोलता बोलता सरदारांच्याच तोंडातून विड्याचा रस सांडून नवा पडे. असे पंधरा दिवस गेले.

मग एकदा भरल्या बैठकीत ती लिंबू-मीठ घेऊन सरदारांपुढेच येऊन बसली.

"आज डाग पडायच्या आधीच धुते. सरकारांनी जरा आ करावा."

बैठकीत हशा पिकला. सरदार ओशाळले आणि हळूच म्हणाले, "जा बाई, लेक वाट पाहत असेल."

हात पुसायलाही सगुणा थांबली नाही.