ठमाबाईचा विस्तव

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, जिथे चढून आलेली पायवाटही दमून कातळाला टेकते, तिथे कारवंडी नावाचे गाव आहे. निवांतगिरी महाराजांचा मुक्काम त्या काळी गावाबाहेरच्या एका गुहेत असे. सपाटीवरच्या मोठमोठ्या गावांनी महाराजांना पालख्या पाठवल्या, मठ बांधून देऊ केले. महाराज हसून म्हणत, "इथली माणसं मला सोडवत नाहीत रे!"

आणि माणसे होतीही तशीच! पावसाळा लागला की ढग थेट घरात वस्तीला येत. शेजारचे घर दिसत नसे. हाक मारून ओळख पटवावी लागे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल. अंगावर इरले घेऊन बाया उतारावर नाचणी लावत, आणि उभे राहू न देणाऱ्या त्या वाऱ्यातही गाणी म्हणत. मीठ पावसाआधी पाठीवरून वर आणून ठेवायचे, कारण एकदा कडा निसरडा झाला की खालच्या जगाशी संबंध तुटला. पण कारवंडीकराने कोणापुढे कधी रडगाणे गायिले नाही. "आमी वरचे," एवढेच तो सांगे, आणि सांगताना त्याची मान ताठ असे.

अशा ओल्या मुलखात विस्तव म्हणजे जीवच. महाराजांच्या धुनीतला विस्तव पावसाळ्यात ठमाबाई नावाच्या विधवेच्या घरी असे. महाराजांनीच तो तिच्या पदरी दिला होता. "बये," महाराज म्हणाले होते, "पावसात गुहा झिरपते. हा तू सांभाळ. गावातली एकही चूल थंड राहू नये." तेव्हापासून ठमाबाई चुलीजवळची हलत नसे. निखाऱ्यांवर राखेचे पांघरूण घालायचे, उठून उठून पाहायचे, आणि ज्याची चूल विझली असेल त्याला खापरीतून निखारा द्यायचा. कोणी उपकार मानू लागला की ती म्हणे, "म्हाराजांचा हाय, माजा न्हाई."

एका श्रावणात संस्थानचे मामलेदार विसाजीपंत गावात आले. राजेसाहेबांना शिकारीसाठी ते पठार मोकळे हवे होते. गाव उठवून खाली मुरमाड माळावर बसवायचे, असे घाटत होते. पंतांनी मुद्दाम पावसाळा निवडला होता. वर कारवंडीत माणूस राहूच शकत नाही, हे त्यांना सिद्ध करायचे होते. दोन शिपायांच्या आधाराने कडा चढून ते देवळात उतरले आणि त्यांनी गाव बोलावले.

"ही काय माणसांची वस्ती आहे?" पंत नाकाला रुमाल लावून म्हणाले. "ना रस्ता, ना बाजार, ना ऊन! माकडंसुद्धा पावसाळ्यात खाली उतरतात."

गोमा पाटील पुढे झाले. म्हातारा माणूस, पण आवाज खणखणीत. "साहेब, हितला दगूड न् दगूड आमच्या वाडवडलांनी उचलून बांध घातलेत. त्या बांधांवर माती आडली, मातीत नाचणी आली. आमी हितं कुनाच्या मेहेरबानीनं ऱ्हात न्हाई."

"मग कोणाच्या?"

"देवाच्या आन् आमच्या हातांच्या."

तेवढ्यात ठमाबाई देवळातल्या चुलीसाठी निखारा घेऊन आली. पंतांनी ती कोण ते विचारले, आणि ऐकून ते पोट धरून हसले. खिशातून त्यांनी काडेपेटी काढली, एक काडी ओढून तिच्या तोंडासमोर धरली. "बाई, जे एका काडीत होतं, त्यासाठी तू जन्म घालवलास? तुझे महाराज एवढे समर्थ, तर त्यांनी तुला पेटी का नाही दिली?"

ठमाबाईचे डोळे भरून आले, पण ती एवढेच बोलली, "म्हाराजांनी दिलं ते राखते, साहेब." आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात वादळ उठले. असा वारा जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता. छपरे उडाली, कुड आडवे झाले, चुलींतून पाणी वाहू लागले. सगळा गाव मुलाबाळांसह दगडी देवळात आला. अजून तिथेच मुक्कामाला असलेल्या पंतांना थंडी वाजून ताप भरला होता. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. बायांनी आपल्या अंगावरच्या घोंगड्या काढून त्यांच्यावर घातल्या, पण घोंगड्याही ओल्याच. शिपायाने काडेपेटी काढली तर काड्यांचे गुल बोटांना चिकटून आले. पाटलांच्या चकमकीचा कापूस भिजून लगदा झाला होता. एका कोपऱ्यात नुकतीच बाळंत झालेली पोर तान्ह्याला छातीशी धरून थरथरत होती.

"ठमाबाई कुठं हाय?" पाटील ओरडले.

ठमाबाईच्या घराची भिंत पडली होती. निखारे गाडग्यात भरून, वर राख घालून, घोंगडीत गुंडाळून ती देवळाकडे निघाली होती. वाटेतला ओहोळ एरवी घोट्याएवढा. आज तो मांडीला लागला. मध्यावर तिचा पाय सटकला. गाडगे दगडावर आपटले, फुटले आणि पाण्यात गेले! त्या गढूळ पाण्यात ती हाताने चाचपडत राहिली. हाताला लागले ते काळे कोळसे आणि राखेचा चिखल तिने पदरात गोळा केला आणि रडत रडत देवळात आली.

"पाटील, इझला वो! माज्या हातनं इझला!"

गावाची आशाच मावळली. पंत घोंगडीतून क्षीण आवाजात म्हणाले, "आता... आता कुठे आहेत तुझे महाराज?"

"इथंच आहेत," दारातून आवाज आला. निवांतगिरी महाराज पावसात नखशिखांत भिजून उभे होते. सगळे हात जोडून बाजूला झाले. महाराज ठमाबाईजवळ जाऊन बसले.

"पदर उघड, बये."

"काय दावू, म्हाराज? चिखूल हाय निसता."

"एवढी वर्षं तू गावासाठी जागलीस. तुझ्या पदरातला विस्तव पाणी विझवील होय? फुंकर घाल."

ठमाबाईने डोळे मिटले आणि त्या ओल्या चिखलावर फुंकर घातली. काही झाले नाही. "घाल," महाराज म्हणाले. तिने पुन्हा फुंकले. आणि काय सांगावे! त्या काळ्या गाळाच्या पोटात एक लाल ठिपका उमलला. पाणी चर्र करून उडाले. कोळशामागून कोळसा रसरसत गेला. पदर ओलाच, तिचे हात तसेच थंड, आणि पदरात मात्र धगधगते निखारे! पोरांनी गाभाऱ्याच्या माळ्यावरची सुकी लाकडे खाली ओढली, आणि पाहता पाहता देवळात जाळ उभा राहिला. गोमा पाटलांनी वादळाला ऐकू जाईल असा महाराजांचा जयजयकार केला, आणि साऱ्या गावाने तो उचलला.

बाळंतिणीला जाळाजवळ जागा झाली. पंतांनाही उचलून आणले. ऊब लागली तसे त्यांचे थरथरणे थांबले. त्यांनी पाहिले, ज्यांना त्यांनी माकडांहून खालचे ठरवले होते ती माणसे उघड्या अंगाने मागे उभी होती, आणि त्यांच्या घोंगड्या पंतांच्या अंगावर होत्या.

पंतांनी पगडी उतरवली आणि सरपटत जाऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी गाव उठवायला आलो होतो. मला क्षमा करा."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी तर आत्ता आलो, पंत. विस्तव ज्यांनी राखला, ते तिकडे आहेत."

तेव्हा संस्थानचा मामलेदार वळला आणि ठमाबाईपुढे त्याने जमिनीला कपाळ टेकवले. "आई, हे गाव इथून कोणी हलवणार नाही. राजेसाहेबांपुढे मी उभा राहीन."

ठमाबाई गडबडून मागे सरली. "आवं, उठा, उठा! अंगात ताप हाय तुमच्या," ती म्हणाली, आणि नाचणीची पेज जाळावर चढवायला गेली. पंत मात्र पेज शिजेपर्यंत तिच्यासमोर तसेच हात जोडून, मान खाली घालून बसून राहिले.