मुदपाकखान्याचा तह

"मला कायद्याचं इंग्रजी आलंच पाहिजे!" काकडगड संस्थानच्या बजाबामहाराजांनी फर्मावलं. "परवा गोरा एजंट हद्दीच्या नाल्याचा तह करायला येतोय. त्याच्याशी मी त्याच्याच भाषेत भांडणार!"

विसूमास्तरांनी अदबीनं एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. "सरकार, हा आंतरराष्ट्रीय कायदा. एका राज्यानं दुसऱ्याशी कसं वागावं, तह कसे करावेत, सगळं यात आहे. पहिल्या पानापासून..."

"पुस्तक मी उघडणार नाही! पाठांतर करणार नाही! आणि माझी चूक कोणी काढायची नाही!"

"मग शिकवायचं कसं, सरकार?"

"ते मी सांगू? मास्तर तुम्ही की मी? परवापर्यंत आलं नाही, तर गाढवावरून धिंड काढीन आणि हद्दपार करीन!"

मास्तर तोंड पाडून घरी आले. त्यांची बायको आवडाबाई वाड्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकाला होती. तिच्या हातची पुरणपोळी म्हणजे महाराजांचा जीव की प्राण! नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं. इतका सरळ माणूस, आणि गाढवावर?

"अहो, त्या पुस्तकात राज्य कशाला म्हणतात?" तिनं विचारलं.

"हद्द हवी, प्रजा हवी, कारभार हवा आणि शेजारच्या राज्याशी बोलणी करायची मुखत्यारी हवी. मुख्य म्हणजे परक्याला परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही."

"एवढंच ना? मग असं एक राज्य माझ्याकडे आहे की! उद्या आंघोळ करून सोवळं नेसा आणि मुकाट्यानं माझ्याबरोबर चला."

आता काकडगडची रीत अशी, की सोवळ्याशिवाय मुदपाकखान्यात कोणी जायचं नाही. खुद्द महाराजसुद्धा उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसायचे. ओवळ्यानं कोणी आत शिरलं, की सगळा स्वयंपाक टाकून द्यायचा! हा दंडक महाराजांच्या आजोबांनी घातलेला, आणि तो मोडायची महाराजांचीही छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज पाटावर बसले. पुरणाचा वास दरवळत होता. ताट मात्र रिकामं!

"आवडाबाई, वाढा!"

"कोण मागतंय?" आतून आवाज आला.

"कोण म्हणजे? मी! राजा!"

"कुठले राजे? हे मुदपाकखाना संस्थान आहे. हद्द उंबऱ्यापर्यंत, प्रजा दोन माणसं आणि एक मांजर. आमची पोळी परमुलखात जायची तर आधी तह लागतो! आणि आमचे परराष्ट्रमंत्री फक्त कायद्याच्या इंग्रजीत बोलतात."

परराष्ट्रमंत्री, म्हणजे सोवळं नेसलेले विसूमास्तर, चुलीमागे पालथ्या पातेल्यावर बसले होते.

"बंड!" महाराज गरजले. "सेनापती, घुसा आत!"

सेनापती तलवार उपसून धावले आणि उंबऱ्यापाशी एक पाय वर धरून थबकले. "सरकार, मी आत गेलो तर पोळ्या टाकून द्याव्या लागतील!"

"मागे हो, मूर्खा! पोळ्यांपासून लांब राहा! थांबा, मीच सोवळं नेसून येतो!"

"आपलं सोवळं आत वाळत घातलंय, महाराज," आवडाबाई म्हणाली. "आमच्या हद्दीत."

महाराजांच्या पोटात कावळे कोकलायला लागले. शेवटी त्यांनी दात-ओठ खात विचारलं, "बरं, काय म्हणायचं?"

"व्हेअरॲज, सरकार," आतून मास्तरांचा बारीक आवाज आला. "म्हणजे ज्याअर्थी. तिथूनच सुरुवात. आणि तह करणाऱ्या राज्याला हाय कॉन्ट्रॅक्टिंग पार्टी म्हणतात."

"व्हेअरॲज आय ॲम हंग्री!"

लगेच उंबऱ्यावरून पळी आली आणि वाटीत कटाची आमटी पडली. महाराजांचे डोळे चमकले.

"द हाय कॉन्ट्रॅक्टिंग पार्टी डिमांड्स पोळी!"

पोळी अर्ध्यावर आली आणि तशीच माघारी गेली. चूक कोणी काढली नाही हं! पोळी फक्त गेली.

"रिक्वेस्ट्स!" महाराज घाईघाईनं ओरडले. "रिक्वेस्ट्स पोळी!"

पोळी ताटात पडली. मग काय, महाराजांना चेवच आला! अडलं की आत विचारायचं, मास्तर शब्द द्यायचे, आणि शब्द बसला की ताट भरायचं. कारलं पुढे आलं तेव्हा ते म्हणाले, "तह मान्य, पण कारल्यापुरतं आमचं रिझर्व्हेशन! तेवढं कलम आम्हाला लागू नाही!" राजवैद्यांनी तूप बंद केलं होतं. त्यावर मास्तरांनी आतून शब्द दिला, नॉटविथस्टँडिंग, म्हणजे 'कोणी काही म्हणो, तरीही'. तर पठ्ठ्यानं दणकून सांगितलं, "नॉटविथस्टँडिंग राजवैद्य, तूप शॅल बी पोअर्ड!" तुपाची धार लागली.

महाराजांनी ढेकर दिला, हात धुतले, आणि राग पुन्हा उफाळला.

"आता बघतो! मास्तरानं मला एक अक्षर शिकवलं नाही, वर माझ्याच वाड्यात राज्य थाटलं! गाढव आणा रे!"

मास्तर पातेल्यासकट कलंडले. आवडाबाई उंबऱ्याशी आली. आवाज खणखणीत होता. "महाराज, आपण पुस्तक उघडलंत?"

"नाही!"

"पाठांतर केलंत?"

"मुळीच नाही!"

"आपली चूक कोणी काढली?"

"कोणाची टाप आहे?"

"मग वैद्यबुवांनी बंद केलेलं तूप आपण कुठल्या भाषेत मिळवलंत?"

महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "नॉटविथस्टँडिंग..." ते म्हणाले आणि तसेच आ वासून राहिले. मग जे हसत सुटले, की सेनापतींना त्यांना धरून बसवावं लागलं!

"फसवलंत! आवडाबाई, साफ फसवलंत मला! मास्तर, उठा. उद्या एजंटासमोर माझ्या शेजारी बसायचं. आजपासून तुम्ही संस्थानचे वकील!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून उंबऱ्यापलीकडे ठेवलं. "आणि हे मुदपाकखाना संस्थानच्या राणीसाहेबांना नजराणा! आता त्या आनंदात आणखी एक पोळी वाढा बघू."

आवडाबाईनं कडं हातात घातलं आणि पोळ्यांचा डबा झाकला.

"तहातल्या पोळ्या संपल्या, महाराज. आणखी हवी तर पुरवणी तह करावा लागेल!"

महाराजांनी हसत हसत ताट पुन्हा पुढे ओढलं आणि घसा खाकरला. "व्हेअरॲज..."