पंतांची जीभ आणि हौसाची वाईन

"येत्या सोमवारी द्राक्षमळा मुळासकट उपटा! तिथं घोड्यांसाठी रिंगण करायचंय!"

निंबळगडच्या सरकारांचा हुकूम तळघरात पोचला आणि पिंपं धुणाऱ्या हौसाच्या हातातला कुंचाच गळून पडला. मळा तिनं लावलेला. सात वर्षं खांद्यावरून पाणी वाहून एकेक वेल जगवलेली. द्राक्षं अशी, की मधमाश्या घरी जायचं विसरून घडावरच मुक्काम ठोकायच्या! खोटं वाटत असेल तर मधमाश्यांना विचारा.

हे सगळं सारंगधरपंतांचं काम. हौसा त्या द्राक्षांची वाईन करायची, आणि पंतांनी सरकारांपुढे ती टाकाऊ ठरवली होती. पंत दोन वर्षं फ्रान्सात राहिले आणि येताना जीभच बदलून आले. सरकारांनी त्यांना वाईनचे पारखी म्हणून नेमलं. पंत पेला गरगर फिरवायचे, त्यात नाक खुपसायचे, घोट गालातल्या गालात घोळवायचे आणि पच्‌कन चांदीच्या तस्तात चूळ टाकायचे. "खरा पारखी पीत नाही, चाखतो!" असं वर सांगायचे. ते तस्त रोज घासायचं काम हौसाकडे होतं.

हौसा तडक दरबारात गेली.

"सरकार, माझ्या दारूत खोट काय?"

"दारू?" पंत किंचाळले. "वाईन म्हण, बाई! त्यात ओल्या चामड्याचा वास कुठाय? जुन्या संदुकीचा दरवळ कुठाय?"

"चामडंच हुंगायचं तर पायात जोडा आहे की, पंत! द्राक्षाला कशाला तरास?"

दरबार खुसखुसला. सरकारही मिशीत हसले. पण हट्ट काही सोडला नाही.

"हौसे, सोमवारी पंतांनी स्वतः तुझी वाईन फ्रान्सच्या वाईनपेक्षा सरस ठरवली, तर मळा राहील. नाहीतर कुऱ्हाडी तयार आहेत!"

"अन् मी शपथ घेतलीय," पंत छाती फुगवून म्हणाले, "गावठी वाईनची तारीफ या तोंडातून निघणार नाही!"

"नका काढू," हौसा म्हणाली. "फक्त दोन वाईनींना दोन वेगळी तस्तं ठेवू द्या."

"दोन काय, चार ठेव!" सरकार म्हणाले.

सोमवार उजाडला. मळ्याच्या बांधावर कुऱ्हाडवाले उभे राहिले. मांडवात दोन सुरया, दोन तस्तं. पंतांनी आधी फ्रान्सची वाईन घेतली. "अहाहा! चामडं! संदूक!" आणि पच्‌कन चूळ. मग हौसाची घेतली, डोळे मिटून घोळवली. "पुचाट!"

"एवढ्याशा घोटात कळलं?" हौसानं गाल फुगवला. "फ्रान्सात असंच उरकतात वाटतं?"

पंतांना झोंबलं. "आण अजून! दोन्हीकडची आण!"

पुन्हा फ्रान्सची. पच्‌कन! पुन्हा हौसाची. "आंबट!" तिसऱ्या फेरीला "पोरकट!" चौथ्या फेरीला "रानटी!" पाचव्या फेरीला पंतांची पगडी कानावर आली आणि त्यांनी हौसाच्या सुरईलाच "वहिनी" म्हणून हाक मारली.

"निकाल सांगा, पंत!" सरकार गरजले.

"फ्रान्स! शंभर वेळा फ्रान्स!"

"ऐकलंस, हौसे? चला रे, घाला कुऱ्हाड!"

"थांबा, सरकार!" हौसानं दोन्ही तस्तं उचलून सरकारांपुढे ठेवली. फ्रान्सचं तस्त काठोकाठ भरलेलं. हौसाचं तस्त लख्ख कोरडं. माशी बसली असती तरी तिचा पाय भिजला नसता!

"अरेच्चा! हे काय?"

"पंतांचा निकाल, सरकार! रोज तस्त घासते मी. माझी वाईन चाखली, की त्या दिवशी घासायला काही उरतच नाही! नकोशी ती तस्तात, हवीशी ती पोटात. जिभेला शपथ घालता येते, सरकार. घशाला कोण घालणार?"

सरकारांनी पंतांकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे आपलं?"

पंतांनी पगडी सावरायला हात वर नेला, तो सुरईकडे वळला. "निकाल प... पक्का करायला अजून एक पेला लागेल. वहिनींकडचा!"

सरकार असे हसले, असे हसले, की खांद्यावरचा शेला मातीत पडला तरी त्यांना पत्ता नाही! बांधावरचे कुऱ्हाडवालेसुद्धा कुऱ्हाडी टाकून मटकन खाली बसले.

"मळा आजपासून हौसाला इनाम!" डोळे पुसत सरकार म्हणाले. "आणि घोड्यांचं रिंगण पंतांच्या परसात! हौसे, अजून काय हवं ते माग!"

"ते चांदीचं तस्त तेवढं द्या, सरकार," हौसा म्हणाली. "माझ्या कोंबड्यांना पाणी ठेवीन. पंतांना आता ते कशाला लागतंय!"